किलोच्या भावाने बनवलेला रॅक

आज दुपारी कोथरूडच्या एका सोसायटीखाली मी पाऊण तास गाडीत पालथा पडून अर्ध्या इंचाचा फ्लेअर नट, म्हणजे एसीला तांब्याचा पाइप जोडायचा नट, शोधत होतो. सकाळी डबीत आठ मोजून भरले होते. डबी गाडीतल्या रॅकच्या वरच्या फळीवर ठेवली होती. सातारा रोडच्या एका स्पीडब्रेकरला फळी उडाली, डबी खाली आली आणि नट, वॉशर, स्क्रू, गिट्ट्या, कपॅसिटर, सगळ्याची भेळ झाली. वर चौथ्या मजल्यावर ताई दर दहा मिनिटांनी फोन करत होत्या, कारण घरात सहा महिन्यांचं बाळ आणि बाहेर एप्रिलचं ऊन. त्यांचं काही चुकलं नाही. चूक त्या रॅकची आहे, आणि ज्याने तो केला त्याची.

मी एसी बसवतो आणि दुरुस्त करतो, सतरा वर्षं. आधी टू-व्हीलरवर शिडी बांधून फिरलो, मग पैसे साठवून जुनी ईको कार्गो घेतली. गाडी आली म्हणजे आता प्रत्येक गोष्ट जागच्या जागी राहील, एवढीच माझी अपेक्षा. व्हॅक्यूम पंप, गेज, जेट पंप, तांब्याच्या पाइपाची वेटोळी, कोअर कटिंगचं मशीन, गॅसचं सिलिंडर. फार काही मागितलं होतं का मी?

लोखंडी काम करणाऱ्या फॅब्रिकेटरला रॅक कागदावर काढून दिला होता. २० एमएमचा चौकोनी पाइप, वर १२ एमएम प्लाय, प्रत्येक फळीला पुढून दोन इंचांची पट्टी, सगळं नट-बोल्टवर, उद्या काढायचं म्हटलं तर निघालं पाहिजे. तो म्हणाला, "शेठ, हलकं काम आम्ही करतच नाही. टिकत नाही." आणि त्याने ४० बाय ५ एमएमचा, एल आकाराचा लोखंडी अँगल लावला.

का लावला ते मला वजनकाट्यावर कळलं. आपल्याकडे लोखंडाचं काम किलोवर चालतं. गेट करा, ग्रिल करा, शेड करा, वजन करायचं आणि भाव लावायचा. गेट जागचं हलत नाही, त्याला चालतं. माझी गाडी रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरते. ४० बाय ५ चा अँगल मीटरला ३ किलो भरतो. त्याने ३२ मीटर वापरला, म्हणजे ९६ किलो. वर १९ एमएम प्लायची दोन शीटं, सत्तरच्या आसपास. एक पानासुद्धा न ठेवता गाडीत १६५ किलो! दीड टनाच्या एसीची पाच आउटडोअर युनिटं कायमची पाठीवर घेऊन फिरल्यासारखं. मी सांगितलेला पाइप मीटरला किलोच्या आतबाहेर बसला असता. पण मग त्याचं बिल एक तृतीयांश झालं असतं ना! त्याच्या जास्तीच्या प्रत्येक किलोचे पैसे मी एकदा त्याला दिले आणि आता रोज पेट्रोल पंपावर देतोय.

मापाचंही तेच. गाडीची बाजू सरळ भिंत नसते, वर जाताना आत झुकते, खाली चाकाचा उंचवटा असतो. याने किराणा दुकानात ठेवतात तसा चौकोनी सांगाडा उचलून आत घातला. वर चार बोटं फट, खाली उंचवट्यावर टेकलेला, आणि डावं सरकतं दार पूर्ण झाकलेलं. फुटपाथच्या बाजूचं दार! पेठांत गाडी लावली की मागे कोणीतरी बंपरला बंपर चिकटवून उभा असतोच, मग मागचं दार वर उचलायचं कसं? डाव्या दारातून हात घालून सामान काढता यावं म्हणूनच ही गाडी घेतली होती मी.

फळ्यांना पुढे पट्टी नाही. एक लॅच नाही. माझ्याबरोबरचा पोरगा आता मागचं दार उघडण्याआधी ओरडतो, "काका, हळू, काहीतरी टेकलंय दाराला." मागच्या महिन्यात ड्रिल मशीन त्याच्या पायावर आलं. अंगठ्याचं नख गेलं. वीस वर्षांचं पोर आहे ते, त्याच्या आईला मी काय सांगायचं?

सिलिंडरसाठी कडं आणि पट्टा सांगितला होता. आर-३२ पेट घेणारा गॅस आहे, सिलिंडर उभं आणि घट्ट बांधलेलं हवं. हा म्हणतो, "आडवं ठेवा की, काय होतंय?" ताशी ५०च्या वेगात गाडी धडकली आणि अर्ध्या मीटरात थांबली, तर १० किलोची वस्तू त्या क्षणी २०० किलोच्या जोराने पुढे येते. पुढे कोण बसलेलं असतं? मी आणि तो पोरगा. जर्मनीत व्हॅनच्या रॅकची क्रॅश टेस्ट घेतात. मी टेस्ट मागितली नव्हती, एक पट्टा मागितला होता.

आणि ज्याने माझं डोकं खरंच फिरलं ते तर पुढेच आहे. बोल्ट मारायचे सांगितले असताना याने दोन ठिकाणी गाडीच्या पत्र्यालाच वेल्डिंग मारलं, तेही बॅटरीची निगेटिव्ह न काढता. गाडीवर वेल्डिंग करताना आधी बॅटरी सोडवायची, हे गॅरेजमधल्या नव्या पोरालाही ठाऊक असतं. ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला. मार्चअखेर, ऐन सीझनला, गाडी चार दिवस उभी. बाकी ठिकाणी खाली न वाकता, न बघता सेल्फ स्क्रू ठोकले. मी गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा एका स्क्रूचं टोक ब्रेकच्या पाइपापासून दोन बोटांवर होतं. दोन बोटं!

जाब विचारायला गेलो तर म्हणे, "तुम्ही सामानच जास्त भरता." आणि वर, "एसीवाल्याची गाडी ती, तिला काय शोरूम करायचीय?"

हे वाक्य महिनाभर डोक्यातून जात नाहीये. याच शहरात स्वयंपाकघरातल्या वाटी-चमच्यांसाठी मिलिमीटर मोजून ट्रॉल्या बनतात, हलक्या हाताने बंद होणाऱ्या. सीट कव्हरची आणि स्पीकरची दुकानं रस्ताभर आहेत. आणि प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसीवाले, लिफ्टवाले, ज्यांचं अख्खं दुकान गाडीत आहे, त्यांनी ग्रिल बनवणाऱ्याच्या दारात उभं राहायचं आणि तो देईल ते घ्यायचं? पाऊण तास नट शोधला म्हणजे माझं एक सर्व्हिसिंग बुडालं. महिन्यात असे किती पाऊण तास जातात ते मीच जाणतो. साडेअठरा हजार मोजलेत मी, रोख.

रविवारी ग्राइंडर लावून सगळं कापून काढतोय. वेल्डिंगच्या जागी पत्रा उघडा पडेल, तिथे प्रायमर मारावा लागेल. नवा रॅक भवानी पेठेतल्या ओळखीच्या सुताराबरोबर बसून, गाडीच्या आत पुठ्ठा कापून घेतलेल्या मापावरून करायचा ठरलंय. पण त्याआधी त्याच्या स्क्रूंनी तळाला पडलेली अकरा भोकं बुजवायची आहेत. पावसाळ्याला सहा-सात आठवडेच उरलेत.