सेकंडहँड हायब्रिडचा प्रत्येक आवाज बॅटरीचा नसतो

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: सोसायटीच्या, ऑफिसच्या आणि आमच्या नातेवाइकांच्या. मथळा होता, ‘जुनी हायब्रिड घेताय? आधी हे वाचा’. खाली पाच दावे. एक, गाडीतून घूं किंवा गुणगुण ऐकू आली की बॅटरी गेली समजा, लाखोंचा खड्डा. दोन, इंजिन सुरू होताना गाडी हादरते ते हायब्रिडमध्ये असतंच, लक्ष देऊ नका. तीन, चढावर इंजिन ओरडतं पण गाडी तेवढी पळत नाही, म्हणजे गिअरबॉक्स घसरतोय. चार, हायब्रिडचे ब्रेक झिजतच नाहीत, त्यामुळे घासल्याचा आवाज ब्रेकचा असूच शकत नाही. पाच, बाहेरच्या मेकॅनिकला यातलं काही कळत नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, सगळं रिसेट होतं.

मी याला उत्तर देतोय कारण पहिल्या दाव्यापायी मी स्वतः फसता फसता वाचलो. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या माझ्या जुन्या हायब्रिडमधून चाळिशीच्या वर मागून घूंऽऽ असा आवाज यायचा. एका गॅरेजमध्ये गाडी उभी असतानाच, चाक न फिरवता, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर न लावता, मला बॅटरी बदलायचं कोटेशन हातात मिळालं. शेवटी निघालं मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग. बॅटरीच्या कोटेशनपुढे तो खर्च किरकोळ होता. बॅटरी आजही तीच आहे.

दाव्यांकडे वळण्याआधी एक प्रश्न, जो मेसेजमध्ये कुठेच नाही: कुठली हायब्रिड? २०१५ पासून मारुतीच्या सियाझ आणि अर्टिगाच्या डिझेल गाड्या ‘एसएचव्हीएस’ नावाने आल्या. पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याही हायब्रिड म्हणूनच विकल्या जातात. त्या माइल्ड हायब्रिड. त्यांची मोटर गाडी एकटीने ओढत नाही. पट्ट्यावरून इंजिनाला हातभार लावते. सिग्नलला बंद पडलेलं इंजिन परत सुरू होताना ‘चीं’ असा आवाज आला तर आधी तो पट्टा आणि त्याचा टेन्शनर पाहायचा. २०२२ पासून आलेल्या मारुतीच्या ग्रँड व्हिटारा, टोयोटाच्या हायराइडर यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्या, होंडाची सिटी हायब्रिड, नंतरची टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस, आणि त्याआधीच्या टोयोटाच्याच कॅमरी, प्रियस, या गाड्या नुसत्या मोटरवरही चालतात. खाली जे लिहितोय ते मुख्यतः यांच्याबद्दल.

‘गुणगुण म्हणजे बॅटरी गेली’

बॅटरीच्या पेटीत फिरणारा भाग एकच असतो, तो म्हणजे थंड करणारा पंखा. गाडी सुरू-बंद करताना मागून ‘टक, टक’ येतं ते रिलेचं, म्हणजे बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचं; ते यायलाच हवं. बॅटरीच्या सेलमध्ये आवाज करण्यासारखं काहीच नसतं. सेल थकले की ते कानाला नाही, डोळ्यांना दिसतं: चार्जचे दांडे भराभर वरखाली होतात, गाडी मोटरवर टिकत नाही, इंजिन सारखं सुरू होतं, अॅव्हरेज घसरतं, शेवटी दिवा लागतो. स्कॅनरवर पी०ए८० सारखा कोड येतो आणि गाडीवर भार असताना बॅटरीच्या वेगवेगळ्या भागांच्या व्होल्टेजमधला फरक आकड्यांत दिसतो. हे आकडे न दाखवता जो बॅटरी बदला म्हणतो, त्याच्याकडे निदान नाही, फक्त अंदाज आहे. शिवाय २०२२ नंतरच्या ज्या गाड्या वर सांगितल्या, त्यांच्या बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. कोटेशन घ्यायच्या आधी गाडीची पहिली विक्री कधीची ते बघा.

मग गुणगुणतं काय? बरंच काही, आणि त्यातलं निम्मं निरोगी. मोटर आणि इन्व्हर्टरची बारीक शीळ वेग वाढवताना आणि ब्रेक दाबताना चढते-उतरते. पार्किंगमध्ये अगदी हळू चालताना बाहेर ऐकू येणारा घुमारा कित्येक गाड्यांत मुद्दाम दिलेला असतो, पायी चालणाऱ्याला गाडी कळावी म्हणून. वेग वाढला की तो बंद होतो. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही त्याची घरघर येते. आणि बॅटरीचा पंखा मोठ्याने घोंगावू लागला तर ती सूचना समजा: मागच्या सीटजवळची जाळी बघा. तिथे धूळ, कुत्र्याचे केस, नाहीतर वर टाकलेली चादर सापडते. बांधकामं आणि खोदकामं चालू असलेल्या आपल्या शहरात ती जाळी किती लवकर भरते, हे एकदा उघडून पाहिलं की कळतं. जाळी साफ केली की आवाज तर जातोच, बॅटरीचं आयुष्यही वाचतं.

राहिला वेगाबरोबर वाढणारा घूंऽऽ. इथे हायब्रिड आपल्या बाजूने उभी राहते, आणि माझं मुख्य म्हणणं हेच आहे. साध्या गाडीत चालताना इंजिन सतत सुरू असतं, त्यामुळे चाकाचा आवाज आणि इंजिनाचा आवाज एकमेकांत मिसळतात. हायब्रिडमध्ये गाडी पळतेय आणि इंजिन बंद आहे अशी वेळ आपोआप येते. गाडी उभी आहे आणि इंजिन सुरू आहे, अशीही येते. दोन्ही वेळा कान द्या. इंजिन बंद झाल्यावरही आवाज तसाच राहिला तर इंजिन सुटलं, आता चाकं, टायर, बेअरिंग, एक्सल आणि मोटरची बाजू तपासायची. मोकळ्या रस्त्यावर लांब वळण घ्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बाजूचं बेअरिंग, कमी झाला तर डावीकडचं. वळणाने काहीच बदललं नाही, पण अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की स्वर बदलतो, तर संशय मोटरच्या गिअर-बेअरिंगवर घ्यायचा. आणि काँक्रीटवर एक सूर, डांबरावर दुसरा, तर टायर. टायरवरून तळहात फिरवला तर उंचवटे हाताला लागतात.

कंपनाला तर आकडाच लावता येतो. टायरचा घेर ढोबळमानाने दोन मीटर. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ११ वेळा फिरतं. तीन सिलिंडरचं इंजिन १२०० आरपीएमवर असलं तर सेकंदाला ३० ठोके देतं. फोनवर कंपन मोजणारं साधं अॅप घ्या, फोन सीटच्या रुळावर घट्ट ठेवा आणि आकडा शेजारच्याला वाचायला सांगा. ८० ला ११ च्या आसपास आणि ४० ला त्याच्या निम्मा आला, तर ते चाकाचं आहे: बॅलन्सिंग, वाकलेली रिम, टायर. स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढची चाकं, सीट थरथरत असेल तर मागची. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेत गाड्यांचा आवाज आणि कंपन मोजायला खास प्रयोगशाळा आहे. तिथली उपकरणं फार पुढची, पण कंपन कोणाच्या फिरण्याशी जुळतं हा प्रश्न तोच.

‘सुरू होताना हादरते, लक्ष देऊ नका’

पाचांतला हा सर्वांत घातक सल्ला. थोडा धक्का स्वाभाविक आहे, हे खरं. ग्रँड व्हिटारा-हायराइडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये तीन सिलिंडरचं इंजिन आहे, तो ठेका जाणवतोच. पण सकाळच्या पहिल्या स्टार्टला गाडी अर्धा मिनिट धडधडून हलते आणि मग शहाण्यासारखी चालते, असं रोज होत असेल तर थांबा. हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलमधून, रात्रभर थेंब थेंब कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सिलिंडरमध्ये उतरत असेल तर नेमकं असंच होतं. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये, म्हणजे २०१० मध्ये भारतात आलेल्या, हा त्रास जगभर नोंदला गेलाय; ईजीआरच्या, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात नेणाऱ्या, मार्गात कार्बन साचणं हे त्याच्या जोडीने येतं. हायब्रिडमध्ये इंजिन फिरवायला स्टार्टर नसतो, ताकदवान मोटर असते. सिलिंडरमध्ये पाणी असलं तरी ती नेटाने फिरवते, आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तेव्हा दुरुस्तीचा खर्च गॅस्केटवर थांबत नाही, अख्ख्या इंजिनावर जातो.

तपासणी अवघड नाही. इंजिन गार असताना कूलंटची पातळी पेनने खूण करून ठेवा, पंधरा दिवसांनी बघा. मिसफायरचे, म्हणजे सिलिंडर नीट न पेटल्याचे, कोड वाचून घ्या. प्लग काढल्यावर एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख निघाला तर त्याच सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घालायला सांगा. कूलिंग सिस्टिमला रात्रभर प्रेशर देऊन ठेवलं तर पुरावाच मिळतो.

हादरण्याचे सगळेच प्रकार इतके गंभीर नसतात. गार असो वा गरम, प्रत्येक सुरू-बंदला ‘खडखड’ असा धातूचा आवाज आला तर इंजिन आणि ट्रान्समिशनमधला धक्का शोषणारा डॅम्पर. इंजिन जागेवर चालू असताना सगळी गाडी थरथरते आणि निघालं की थांबते, तर इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते माउंटिंग. हायब्रिडचं इंजिन सिग्नलगणिक बंद-चालू होतं, कर्वे रस्त्याने रोज जाणाऱ्याच्या गाडीत तर किती वेळा, याचा हिशेब करा. त्या प्रत्येक वेळचा धक्का माउंटिंगच्या रबरावर बसतो.

‘चढावर ओरडतं म्हणजे गिअरबॉक्स घसरतोय’

टोयोटा आणि मारुतीच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये घसरायला पट्टाही नाही आणि गिअर बदलणारा क्लचही नाही. आहे तो ग्रहमालेसारखा गिअरसंच, जो इंजिन आणि दोन मोटरींची ताकद वाटतो. खंबाटकी चढताना गाडीला जास्त ताकद लागते, तेव्हा तिचा संगणक इंजिनाला सर्वांत सोयीच्या आरपीएमवर नेऊन ठेवतो. चाकांचा वेग आपल्या गतीने वाढतो. कानाला ते घसरल्यासारखं वाटतं एवढंच. होंडाची रचना निराळी: तिथे बहुतेक वेळ इंजिन वीज तयार करतं आणि मोटर गाडी ओढते, फक्त महामार्गाच्या वेगाला एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो.

उताराची गंमत मात्र कोणी सांगत नाही, आणि पुण्याच्या माणसाला ती हमखास भेटते. बोरघाट उतरताना मोटरच ब्रेकचं काम करते आणि त्यातून वीज तयार होते, त्या विजेने बॅटरी भरून जाते. मग ती वीज घ्यायला जागा उरत नाही, म्हणून टोयोटाच्या रचनेत मोटर इंजिनालाच पेट्रोलशिवाय फिरवते, इंजिन ब्रेकसारखं. उतारावर, पाय अॅक्सिलरेटरवर नसताना, इंजिन मोठ्याने घोंगावतं. एका ओळखीच्या कुटुंबाने याच आवाजाला घाबरून खोपोलीत गाडी थांबवली आणि टो करून पुण्याला आणली. पुढची चाकं जमिनीवर टेकवून ओढली असती तर मोटरी फिरून खरंच नुकसान झालं असतं. सुदैवाने फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मिळाला.

‘ब्रेक झिजत नाहीत’

पॅड कमी झिजतात, हे बरोबर. पण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. मोटर गाडी थांबवते, म्हणून डिस्क-पॅडला काम कमी. काम कमी, म्हणून पावसाळ्यात डिस्कवर गंज बसतो आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात. जुलैत चार दिवस गाडी उभी राहिली की पहिल्या दोन-तीन ब्रेकला ‘खर्र’ आवाज येणारच, तो जातो. गेला नाही तर चाक काढायचं. ओळखायची युक्ती: न्यूट्रलमध्ये मोटर ब्रेक लावत नाही. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी तिशीत एकदा ‘डी’मध्ये आणि एकदा ‘एन’मध्ये हलका ब्रेक मारा. घासणं किंवा थरथर ‘एन’मध्येच स्पष्ट होत असेल तर डिस्क आणि कॅलिपर.

जुन्या टोयोटा हायब्रिडमध्ये ड्रायव्हरचं दार उघडलं की पुढून ‘घर्र’ येतं, तो ब्रेकचा पंप दाब भरत असतो, ते ठीक. पण पेडलला पाय न लावता तोच पंप थोड्या थोड्या वेळाने चालू होत असेल तर दाब टिकत नाहीये. हा एक आवाज येत असेल तर गाडी चालवू नका.

‘बाहेरच्या मेकॅनिकला कळत नाही, वायर काढा’

बेअरिंग, माउंटिंग, लिंक रॉड, सीव्ही जॉइंट, ब्रेक, टायर. हायब्रिडच्या बहुतेक आवाजांचं मूळ यांत असतं, आणि ही कामं वर्षानुवर्षं करणारे हात नाना पेठेपासून वारज्यापर्यंत आहेत. माझं बेअरिंग तशाच एका वयस्कर फिटरने, लिफ्टवर चाक फिरवून आणि स्प्रिंगवर बोटं ठेवून, पाच मिनिटांत ओळखलं. नारिंगी केबलला, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या उच्च व्होल्टेजच्या तारेला, मात्र त्यांनीच काय, कोणीही हात लावायचा नाही. त्यासाठी इन्सुलेटेड हातमोजे, बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढणं, मग कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबणं, हे शिकलेला माणूस लागतो.

वायर काढल्याने कुठलाही आवाज बरा होत नाही. पुसला जातो तो पुरावा: साठलेले कोड आणि बिघाडाच्या क्षणी गाडीने टिपून ठेवलेले आकडे. म्हणूनच विकणाऱ्याला ही युक्ती आवडते. गाडी पाहायला जाताना साधा ओबीडी स्कॅनर न्या आणि त्यात ‘कोड पुसल्यापासूनचे किलोमीटर’ हा आकडा उघडा. बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे ना ते बघा, आणि पहिला स्टार्ट स्वतः द्या. आपण पोचायच्या आधीच बॉनेट गरम असेल आणि स्कॅनरवर ८ किलोमीटर दिसत असतील, तर आदल्या दिवशी काय पुसलं ते विचारा, आणि दुसऱ्या सकाळी, गाडी रात्रभर गार राहिल्यावर, परत या.