भंगारातला कॉम्प्युटर आणि कोटींचा मेसेज

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सारांश असा: अमेरिकेतला एक माणूस भंगारातले जुने कॉम्प्युटर फुकट उचलतो, मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ काढतो आणि यूट्यूबवरून बसल्या जागी कोट्यवधी कमावतो, लाख व्ह्यूजला अमुक इतके पैसे. आपल्याकडच्या भंगारातही असे डबे पडलेत, शिवाय त्यात सोनं असतं. मराठीत हे कुणी करत नाही. तेव्हा पोरांनो, दहा-बारा हजारांच्या नोकरीला लाथ मारा.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि जुन्या मशीनांचा नादही आहे. त्यामुळे हा मेसेज मला हटकून येतो, खाली 'तुमच्या कामाचं आहे भो' अशी पुस्ती जोडून. एकदाच काय ते उत्तर देऊन टाकतो.

आधी ते 'बसल्या जागी'. मेसेजात नाव नाही, पण हे वर्णन ज्यांना चिकटवता येईल त्यांतलं सगळ्यांत ओळखीचं नाव म्हणजे टेक्सासचे डेव्हिड मरे, 'द एट-बिट गाय' चॅनेलवाले. हा माणूस आधी 'द आयबुक गाय' नावाने अ‍ॅपलचे जुने आयबुक लॅपटॉप दुरुस्त करायचा आणि विकायचा. २०१५ च्या सुमारास नाव बदललं, तोवर हाताखालून किती लॅपटॉप गेले असतील ते बघा. कमाईही एका नळातून येत नाही. जाहिराती आहेत, दरमहा वर्गणी देणारे प्रेक्षक आहेत, आणि जुन्या मशीनांसाठी त्यांनी स्वतः लिहून विकलेले गेम आहेत. 'प्लॅनेट एक्स ३' हा त्यातलाच, डॉसवर (विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर) चालणारा. वर 'कमांडर एक्स १६' नावाचा, ऐंशीच्या दशकातल्या धर्तीचा नवाकोरा ८-बिट कॉम्प्युटर बनवून घ्यायचा उद्योग; २०१९ मध्ये गाजावाजा झाला आणि तयार बोर्ड गिऱ्हाइकांच्या हातात पडायला २०२३ उजाडलं. याला बसल्या जागी म्हणत असतील तर आमच्या रावेर-यावलचे केळीवालेही बसूनच खातात म्हणायचं.

'भंगारात फुकट मिळतात.' भंगारवाला दुधखुळा नाही. तो मशीन अख्खं ठेवतच नाही. मॉनिटर आला की ट्यूबच्या मानेवरचं कॉइल तांब्यासाठी उतरवतो, हीटसिंक अ‍ॅल्युमिनियमच्या ढिगात, पत्रा लोखंडात, बोर्ड वेगळ्या पोत्यात. तुम्ही पोचेपर्यंत तिथे कॉम्प्युटर नसतो, किलोचे भाव असतात. आणि जुन्या मशीनाला कुणी गिऱ्हाईक आहे असा वास लागला की तोच 'डबा' अँटिक होतो.

सोन्याचं म्हणाल तर आहे. कार्डांच्या दातांवर, प्रोसेसरच्या पिनांवर मुलामा असतो, साधारण मायक्रॉनभर जाडीचा. तो काढायला नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडशी खेळावं लागतं, त्यातून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसं जाळतो, आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे हे काम नोंदणीकृत कारखान्यांचं आहे. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या गावाला, सराफ्यातली माती चाळून पोट भरणारे झारेकरी ठाऊक असलेल्या गावाला, हे मी काय सांगावं!

आता 'मोबाइल पुरे'. इथे जरा थांबतो, कारण मेसेज लिहिणाऱ्याने जुनं मशीन उघडलेलं नाही हे इथेच कळतं. १९९०च्या आसपासचा, इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा मदरबोर्ड घ्या. त्यावर निळ्या वेष्टनातली, पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. तीसेक वर्षांत ती हमखास पाझरते. शेजारी बहुधा कीबोर्डचं सॉकेट असतं, म्हणून मशीन सुरू झालं तरी कीबोर्ड मेलेला. बॅटरी कापून काढायची, हिरवट-निळा बुरा पांढऱ्या व्हिनेगरने मारायचा (पाझर अल्कलीचा असतो, म्हणून आम्ल), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं. त्यानंतर भिंग लावून बघायचं की तांब्याची कुठली रेघ खाल्ली गेलीय, आणि तिच्या जागी केसाएवढी तार टाकायची. प्रेक्षक हे बघायला येतो. डब्याचा फोटो बघायला कुणी येत नाही. आणि नवख्याने मॉनिटर उघडू नये. रंगीत ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही काही काळ टिकतो.

एवढं करून पडदा उजळला की मोबाइल रडवतो. डॉसचा अक्षरांचा पडदा सेकंदाला ७० वेळा रंगवला जातो, मोबाइल टिपतो ३० चित्रं, म्हणून व्हिडिओत काळे पट्टे सरकत राहतात. शटर हाताने जुळवता आलं नाही तर तो भाग फुकट गेला.

एका बाबतीत मात्र आपण टेक्सासवाल्यांना भारी आहोत, ते म्हणजे ऊन. पिवळा पडलेला प्लास्टिकचा कव्हर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवला की उजळतो. ब्यूटी पार्लरला माल देणाऱ्या दुकानात डेव्हलपर क्रीम म्हणून ते मिळतं. पण मे महिन्यात जळगावच्या गच्चीवर दुपारी ठेवाल तर क्रीम बघता बघता वाळतं आणि कव्हरवर ढगांसारखे डाग उठतात. सकाळचं कोवळं ऊन घ्या, वर प्लास्टिक गुंडाळा. काही वर्षांनी पिवळेपणा परत येतो, तोही हिशेबात धरा.

'लाख व्ह्यूजला अमुक इतके पैसे.' असा ठरलेला दर नाही. २०१८ पासून जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणं लागतं. शॉर्ट्सचा रस्ता वेगळा आहे, तिथे ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. चार हजार तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माणूस सरासरी पाच मिनिटं थांबला तर ४८,००० वेळा तुमचा व्हिडिओ बघितला जायला हवा, आणि तेव्हा कुठे दार उघडतं. पुढे लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा तुमचा, पण जाहिरातीचा भाव प्रेक्षक कुठल्या देशात बसलाय यावर ठरतो. टेक्सासचा प्रेक्षक आणि पारोळ्याचा प्रेक्षक जाहिरातदाराला सारखे नाहीत.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, 'अहिराणी गाण्यांना कोटींनी व्ह्यूज पडतात की!' पडतात, कारण ती हळदीला वाजतात, वरातीत वाजतात. ३८६ च्या बोर्डावर कुणी नाचत नाही.

राहिलं 'मराठीत कुणी करत नाही, रान मोकळं आहे'. रान मोकळं असेलही, पण पेरणार काय? अमेरिकन चॅनेलांवरचा कमोडोर ६४ हा जुना घरगुती कॉम्प्युटर इथे कुणाच्या आठवणीत नाही. त्याची नक्कल इथून करणं म्हणजे पोकळ काम. आपल्या आठवणीतला ८-बिट म्हणजे बाजारातून आणलेला, टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, कधी कीबोर्डच्या आकाराचा. तो फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राची नक्कल, आणि त्यातला प्रोसेसर ६५०२ या चिपच्या घराण्यातला. ब्रिटनच्या शाळांतला बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरही त्याच घराण्याचा, आणि तो मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये 'युनिकॉर्न' नावाने बनून, १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी संगणक-शिक्षण योजनेत शाळांत गेला होता. इथे सांगण्यासारखं काहीतरी आहे.

आणि खरा माल डीटीपीवाल्यांकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवणाऱ्यांकडे आहे. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड स्लॉटमध्ये बसवलं की डॉसवर देवनागरी उमटायची. श्रीलिपीसारखी मराठी फाँटची पॅकेजं पॅरलल पोर्टला (प्रिंटरच्या सॉकेटला) लावायच्या हार्डवेअर लॉकशिवाय उघडायची नाहीत. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ ज्या पत्रिकांवर छापली गेली, त्यांच्या फायली आज मोबाइलवर उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा गाळ दिसतो, कारण प्रत्येक कंपनीने रोमन अक्षरांच्या घरात आपापल्या पद्धतीने वेलांट्या-काने बसवले होते. फाँट नसेल तर मजकूरही नाही. हे मशीन चालू करून ती फाइल पडद्यावर दाखवणारा व्हिडिओ परदेशी माणूस बनवू शकत नाही. कोटी मिळतील असं मी म्हणत नाही. बघणारे मोजके असतील, पण ते शेवटपर्यंत बघतील.

आणि 'नोकरीला लाथ मारा' हा तर सगळ्यांत उलटा सल्ला. ही मशीनं आहेत कुठे? पतपेढीच्या माळ्यावर, जुन्या छापखान्यात, कॉलेजच्या स्टोअरमध्ये डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होऊन पडलेली. निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून टाकायचा ठराव झाला की लिलाव निघतो आणि सगळं किलोवर जातं. ठराव कधी होणार हे बाहेरच्याला कळत नाही. तिथे बारा हजारांवर काम करणाऱ्या क्लार्कला कळतं. रीतसर अर्ज करून, पावती घेऊन, भंगारवाल्याच्या आधी ते मशीन घरी न्यायची संधी फक्त त्याला आहे.