वीस मिनिटं म्हणजे वीसच मिनिटं

"आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो." आठला दोन मिनिटं कमी असताना ज्या वक्त्याच्या तोंडून हे वाक्य निघतं, त्याला आमच्या सेवा क्लबच्या सभेला पुन्हा कधीही बोलावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सभा सात ते आठ. निमंत्रणात लिहिलेलं असतं, फोनवर सांगितलेलं असतं, आदल्या दिवशी आठवणही केलेली असते. भाषण वीस मिनिटं, प्रश्नांना पाच. तरी हे लोक पंचवीस मिनिटं प्रस्तावनाच करतात आणि मग मुद्द्याकडे "येतात". अहो, आम्हाला आठला उठायचंय! कुणाला दवाखाना उघडायचाय, कुणाचा पहिला तास आहे, कुणाला मुलांना शाळेत सोडून कामावर पोचायचंय. सकाळच्या क्लबात लोक येतात ते याचसाठी. दिवस नोकरीधंद्यात जातो, संध्याकाळ घरच्यांची असते, म्हणून भल्या पहाटे उठून समाजासाठी एक तास काढायचा. तो तास कुणाच्या तरी आत्मचरित्रात जातो आणि वर आपण टाळ्या वाजवायच्या. संताप येतो, खरंच संताप येतो.

सुरुवातच बघा. सभा सातची, पाहुणे उगवतात सव्वासातला. आल्या आल्या पहिला प्रश्न, "प्रोजेक्टर आहे ना?" मग लॅपटॉप निघतो, केबल बसत नाही, पेनड्राइव्ह शोधला जातो, त्यातली फाइल उघडत नाही. सचिव नाश्त्याची प्लेट तशीच ठेवून टेबलाखाली वायरी चाचपत बसतो. साडेसहाला येऊन हे सगळं लावून बघता येत नाही? आम्ही येतोच ना साडेसहाला, खुर्च्या मांडायला!

आणि मग त्या स्लाइड. माणूस सावकाश, ऐकणाऱ्याला कळेल असं बोलला, तर मिनिटाला साधारण १३० ते १५० शब्द होतात. म्हणजे वीस मिनिटांत अडीच-तीन हजार शब्द. मासिकातला एक भरगच्च लेख होतो तेवढ्यात. वेळ कमी पडतो ही तक्रारच खोटी आहे. साठ स्लाइड घेऊन आलं तर एकेका स्लाइडला वीस सेकंद मिळणार, हा हिशेब घरी बसून करता येतो. तो कुणी करत नाही. पहिल्या दहा स्लाइड अक्षर न् अक्षर वाचून दाखवल्या जातात, आमच्याकडे पाठ करून, पडद्याकडे बघत. जणू आम्हाला वाचता येत नाही. नंतर घड्याळाकडे लक्ष गेलं की "ही सोडून देऊ, हीपण सोडून देऊ" करत उरलेल्या भराभर सरकतात. ज्या विषयासाठी बोलावलं होतं तो नेमका त्या सरकवलेल्या स्लाइडमध्ये असतो.

यापेक्षाही माझं डोकं फिरतं ते विक्रेत्यांमुळे. विषय लिहून देतात "निरोगी हृदय" किंवा "निवृत्तीनंतरचं आयुष्य". आपण विश्वासाने बसतो. पंधरा मिनिटं भीती घातली जाते, म्हातारपणात तुमचं कोण बघणार, पैसा पुरणार का, आणि सोळाव्या मिनिटाला पडद्यावर पॅकेज येतं. शेवटच्या स्लाइडवर क्यूआर कोड. "सभासदांसाठी खास सवलत." ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? सरळ सांगा ना, मला माझी योजना विकायची आहे, म्हणजे आम्ही सरळ नाही म्हणू. तो माणूस दारावर आला असता तर दार लावून घेता आलं असतं. इथे तो आमचा पाहुणा असतो, आम्ही त्याच्या समोर बसलेलो असतो, उठून जाणं असभ्य दिसतं. त्याला हे पक्कं ठाऊक असतं आणि त्याचाच तो फायदा घेतो. पुढच्या आठवड्यात सभासदांना फोन सुरू होतात, कारण कुणीतरी मोठ्या मनाने सगळ्या सभासदांची यादी त्याच्या हातात दिलेली असते. हे मला अक्षम्य वाटतं. लोकांनी आपले नंबर सेवाकार्यासाठी दिलेत, कुणाचं गिऱ्हाईक व्हायला नाही.

प्रेरणादायी वक्त्यांबद्दल मी फार बोलत नाही. आपल्याच माणसांसमोर उभं राहून त्यांनाच "समाजासाठी काहीतरी करा" म्हणून सांगायचं, तेही जे वर्षानुवर्षं रक्तदान शिबिरं भरवतायत त्यांना! समोर कोण बसलंय याची पाच मिनिटं चौकशी करायची तसदी नाही. एकाने तर आम्हाला सेवा क्लबांचा इतिहास ऐकवला आणि तोही चुकीचा. रोटरी आणि लायन्स दोन्ही एकाच माणसाने काढले म्हणे. रोटरी पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये सुरू केला, लायन्समागे मेल्विन जोन्स, साल १९१७. दोन्ही शिकागोतले, एवढंच काय ते साम्य. या चळवळीत नवीन आलेल्या माणसालाही हे माहीत असतं. समोरच्या पन्नास जणांना चूक कळली होती, तरी सगळे गप्प बसले. का? तर पाहुणा आहे.

पाहुण्याच्या भाषणाने काय होऊ शकतं हे याच चळवळीने पाहिलंय, म्हणून जास्त वाईट वाटतं. १९२५ साली ओहायोतल्या सीडर पॉइंटला लायन्सचं अधिवेशन भरलं होतं. लहानपणीच दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या लेखिका हेलन केलर तिथे बोलल्या. छापलेलं ते भाषण एका पानात मावतं. त्यांनी स्वतःचा जीवनप्रवास उगाळला नाही. एकच मागणं केलं: टाळता येणारं अंधत्व संपवायला आणि अंधांच्या मदतीला तुम्ही उभे राहा. लायन्सनी ते उचललं. आज शंभर वर्षं झाली, दृष्टीचं काम ही त्या संस्थेची ओळख आहे. एक पाहुणी, एक मागणी, मोजकी मिनिटं. संस्थेचा रस्ता ठरला. ही ताकद असते त्या माईकची! आणि आम्ही तो माईक कुणाच्या हातात देतो?

गेल्या काही महिन्यांतली एक सभा माझ्या डोक्यातून जात नाही. दोन वक्ते होते. पहिले एक नावाजलेले गृहस्थ, विषय "यशाची सूत्रं". दुसऱ्या एक बाई. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी दिवसभराचं केंद्र चालवतात. त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, मला दहा मिनिटं पुरेत. पहिल्यांना पंधरा दिलेली. सूत्रं सात होती, साडेसात वाजून गेले तेव्हा तिसरं चालू होतं. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली, गृहस्थांनी ती वाचली, हसले, खिशात घातली आणि चौथं सूत्र सुरू केलं. बाई कडेच्या खुर्चीवर बसून होत्या. हातात एक कार्ड, त्यावर निळ्या पेनाने लिहिलेले तीन मुद्दे. माझी खुर्ची शेजारीच होती, म्हणून मला दिसलं. त्यांनी पर्समधून पेन काढलं, एक मुद्दा खोडला. थोड्या वेळाने दुसराही खोडला. त्यांना माईक मिळाला तेव्हा आठला चार मिनिटं होती, अर्धे लोक पिशव्या सावरत होते. त्या एवढंच बोलल्या की आठवड्यातून दोन तास कुणी येऊन बसलं, तर घरी सांभाळणारी मुलगी किंवा सून निदान स्वतःच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ शकते. आम्हाला पैसे नकोत, माणसं हवीत. घंटा झाली. आभार मानले गेले. एकही प्रश्न विचारायला वेळ उरला नाही.

सेवा क्लबाला याहून थेट, याहून आवाक्यातलं काम कुणी सुचवलं असेल का? त्या सभागृहात निवृत्त शिक्षक होते, परिचारिका होत्या, दुपारचे दोन तास सहज देतील अशी कितीतरी माणसं होती. त्यांना नीट ऐकूच आलं नाही. सात सूत्रांपैकी एक तरी कुणाला आठवतंय का, विचारून बघा.

त्या गृहस्थांइतकाच राग मला आपल्या लोकांचा येतो. चिठ्ठी खिशात गेली तेव्हा अध्यक्षांनी उठून उभं राहायला हवं होतं. बस, एवढंच. पण आमच्याकडे सौजन्याची व्याख्याच उलटी झालीये. एकाचं मन राखायचं आणि पन्नास जणांचा वेळ जाऊ द्यायचा. परिचय करून देणारेही कमी नाहीत. नमनाला घडाभर तेल! कुठे शिकले, किती पुरस्कार, कुठल्या कुठल्या समित्यांवर, दोन पानं वाचून दाखवायची. आभार मानणारा मग अख्खं भाषण पुन्हा थोडक्यात सांगतो. आणि कार्यक्रम समिती? तीन दिवस आधी धावाधाव, जो हो म्हणेल तो वक्ता. कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी एजंट.

उपाय काही जगावेगळा नाही. टोस्टमास्टर्सवाले १९२४ पासून लोकांना बोलायला शिकवतायत. त्यांच्याकडे पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा लागतो, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. कुणाचा अपमान होत नाही, कुणी चिठ्ठ्या पाठवत नाही, दिवा सगळ्यांसाठी सारखा. आम्हाला एक दिवा लावायला काय धाड भरलीये?

काही जण म्हणतात, मग सभाच कमी करा. रोटरीने २०१६ मध्ये दर आठवड्याची सक्ती सैल केली, महिन्यातून किमान दोन सभा पुरेशा ठरवल्या, आपणही तेच करू. मला हे अजिबात पटत नाही. सभेत काय वाईट आहे? सकाळी एकत्र बसणं, एकमेकांची कामं कळणं, बाहेरच्या माणसाकडून नवीन काही ऐकणं, याचसाठी तर आपण क्लबात आलो. वाया जाते ती सभा, आणि वाया घालवणारे आपण. नवीन आलेली तरुण मंडळी दोन-तीन सभा बघतात आणि यायची बंद होतात. मग आपण बैठक घेतो, विषय "तरुण सभासद का टिकत नाहीत". कसे टिकतील? पहाटे उठून जाहिरात ऐकायला कोण येईल?

मी समितीला लेखी दिलंय. वक्त्याने आधी एका ओळीत कळवावं की क्लबाकडून त्याला नेमकं काय हवंय. विक्री करायची असेल तर नाही म्हणावं. साठ स्लाइडवाल्याला दहावर आणावं. परिचय एका मिनिटात. वेळ बघायला एक माणूस नेमावा, त्याला अध्यक्षांनाही थांबवायचा अधिकार द्यावा. आणि त्या केंद्रवाल्या बाईंना पुढच्याच सभेला पुन्हा बोलवावं, पूर्ण वीस मिनिटं द्यावीत, त्या दिवशी दुसरा वक्ता नको.

उत्तर आलं, "सूचना चांगल्या आहेत, पण पाहुण्यांना वाईट वाटेल." आणि पुढच्या दोन महिन्यांच्या वक्त्यांची यादी सोबत जोडलेली. त्यात एक गुंतवणूक सल्लागार आहेत, एक "सकारात्मक विचारांची शक्ती" आहे, सात सूत्रंवाले गृहस्थ तर लोकाग्रहास्तव परत येतायत. कुठल्या लोकांच्या आग्रहास्तव, ते मला समितीने नावानिशी सांगावं. मी पुढच्या सभेत उभं राहून हे विचारणार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत बसणार नाही.