‘जणू’ शोधून अलंकार कळत नाहीत
अलंकार कसे ओळखावेत यावरच्या लेखातलं ‘जणू दिसला की उत्प्रेक्षा’, म्हणजे ‘जणू’ हा शब्द आला की तो उत्प्रेक्षा अलंकार, हे सूत्र मला पटलं नाही. त्यामुळे मुलं शब्द शोधतात आणि अर्थाकडे बघतच नाहीत. आमच्या नाशिकमध्ये गोदेचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला किती लागलं यावरून पूर मोजतात, तोच पूर घ्या. पूर वाघासारखा आला, ही उपमा. पूर जणू वाघच, ही उत्प्रेक्षा. पूररूपी वाघ रामकुंडात शिरला, हे रूपक. आणि ‘पूर नव्हे हा, वाघच!’ ही अपन्हुती, कारण इथे उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते, म्हणजे पूर) चक्क नाकारलंय. उपमेय उपमानाच्या (ज्याच्याशी तुलना केली त्या वाघाच्या) किती जवळ गेलं, ते मुलांना बघू द्या. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन संस्कृत ग्रंथात उपमा, रूपक, दीपक, यमक असे चारच अलंकार आहेत. शाळेतही आधी थोडेच शिकवा, पण नीट उलगडून.