डायकॉटमी वापरा, विद्वान दिसा

चर्चेत तुम्हाला कोणी विचारत नाही ना, मग आजपासून 'फरक', 'तफावत', 'दुटप्पीपणा' असले साधे शब्द एकदम बंद. सरसकट डायकॉटमी म्हणायचं. बॉस बोलतो एक आणि करतो भलतंच, डायकॉटमी. कुठला मोबाइल घ्यावा कळत नाहीये, तीपण डायकॉटमीच. (द्विभाजन मात्र म्हणू नका, लोकांना अर्थ कळायचा.)

शब्द मूळचा ग्रीक, दोन भागांत कापणं, म्हणजे आपलं एक घाव दोन तुकडे. पण लॉजिकवाल्यांनी उगाच दोन अटी घालून ठेवल्यात, कापल्यावर बाहेर काही उरायला नको आणि एकही गोष्ट दोन्हीकडे मोजली जायला नको. पूर्णांक घ्या, सम नाहीतर विषम, शून्यसुद्धा निमूट समात जाऊन बसतं. 'लाल आणि लाल नसलेलं' चालतं पण 'लाल आणि निळं' चालत नाही कारण मग पिवळं कुठे जाणार. तुम्ही या भानगडीत पडूच नका, पिवळ्याला विचारतंय कोण!

ॲरिस्टॉटलची तक्रार होती की प्राण्यांचे असे दोन-दोन तुकडे करत गेलं की काही पक्षी पाण्यातल्या प्राण्यांत जातात आणि बाकीचे दुसरीकडे, सगळे पक्षी एकत्र राहतच नाहीत. जाऊ देत की. तुम्ही 50 मार्कांवर रेघ मारा, लगेच 49 वाला हा 2 वाल्याचा सख्खा भाऊ आणि 51 वाला थेट 98 वाल्याच्या पंगतीत, किती सुटसुटीत. आकाशात मात्र बघायला जाऊ नका, तिथे शुक्र बरोब्बर अर्धा उजळलेला दिसतो त्यालाही डायकॉटमीच म्हणतात आणि संध्याकाळचा शुक्र गणिताच्या तारखेआधीच काही दिवस अर्धा दिसायला लागतो, हे श्रोटर नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने 1793 मध्येच बघून ठेवलंय. ग्रहांनाच शिस्त नाही त्याला आपण काय करणार.

वादात खरी मजा आहे. पहिल्याच वाक्यात विचारायचं, 'आमच्या बाजूने की विरोधात?' समोरचा 'अर्धं पटतंय' म्हणाला की पळपुटा म्हणून मोकळं व्हायचं. इकडे आड तिकडे विहीर नीट दाखवायची आणि मधली पायवाट पाय पसरून अडवून बसायचं. एखादा शहाणा 'ही फॉल्स डायकॉटमी आहे, तिसरा पर्यायही आहेच की' म्हणालाच तर अजिबात गडबडायचं नाही, उलट त्यालाच दरडावून विचारायचं, शंभर टक्के खरी की शंभर टक्के खोटी, एकच काय ते सांग.