तारा लावायच्यात? आधी पार्किंग बघा

मुलाचे दात पुढे आलेत हे आईबापांच्या लक्षात येत नाही. ते आत्याच्या लक्षात येतं, तेही कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या कार्यालयात, पंगतीत, मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावता लावता. "वहिनी, अहो ह्याचे दात बघितलेत का? मामावर गेलाय अगदी." वाकडे दात नेहमी आईच्या माहेराहून येतात. सरळ असले की ते बापाच्या घराण्याचे.

इथून पुढे काय करायचं ते सांगतो. अनुभव स्वतःचा आहे, त्यामुळे खात्रीचा.

पहिलं म्हणजे काहीही करू नका. मुलगा आठ वर्षांचा असेल तर "दुधाचे आहेत, पडतील" म्हणा. पुढचे ते दोन फावड्याएवढे दात सातव्या वर्षाच्या सुमारास आलेले असतात आणि जन्मभर पुरवायचे असतात, असं कोणी सांगायला लागलं तर विषय बदला. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांच्या, संघटनेचं म्हणणं आहे, की मूल ७ वर्षांचं होईपर्यंत एकदा दाखवून घ्यावं. अमेरिकेतल्या मुलांना वेळ असेल. आपल्याकडे सातव्या वर्षी अबॅकस असतं. शिवाय यात एक मोठा धोका आहे. बऱ्याचदा डॉक्टर तोंडात बघून म्हणतात, "मधली फट सुळे आले की मिटते. अकराव्या-बाराव्या वर्षी येतील. तोवर वर्षातून एकदा दाखवून जा." म्हणजे फी मोजून 'काही करू नका' हे ऐकायचं! ते तर आपण घरबसल्या फुकट करतोच आहोत.

मुलगा बारा-तेराचा झाला, वर्गात कोणी नाव ठेवलं, आणि तो फोटोत ओठ घट्ट मिटून उभा राहायला लागला, की मग क्लिनिक शोधायला घ्या. तारांचं काम साधारण दीड-दोन वर्षं चालतं आणि दर चार-सहा आठवड्यांनी हजेरी लावावी लागते. तेव्हा सर्वांत आधी पार्किंग बघा. टिळक रस्त्यावर पी-१, पी-२ ची पाटी वाचून आज तारीख सम की विषम हे आठवेपर्यंत टोइंगचा ट्रक येतो, हे लक्षात घेता घराजवळचं कुठलंही क्लिनिक उत्तम. त्यानंतर लिफ्ट आहे का बघा. त्यानंतर भाव करा. पुण्यात आपण 'गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल'पर्यंतच्या सगळ्या पाट्या अक्षर न् अक्षर वाचतो. फक्त डॉक्टरांच्या नावापुढे काय लिहिलंय ती एक पाटी वाचू नका.

ती वाचली की नसते प्रश्न पडतात. बीडीएस म्हणजे दातांच्या डॉक्टरची पहिली पदवी, इंटर्नशिप धरून ५ वर्षं. त्यात दात काढणं, भरणं, कवळी, हिरड्या असं सगळं थोडं थोडं येतं. ऑर्थोडॉन्टिस्ट त्यावर आणखी ३ वर्षं एमडीएस करतो आणि ती तीन वर्षं दात सरकवण्यात आणि जबड्याची वाढ समजून घेण्यातच जातात. बीडीएसने तारा लावल्या तर गुन्हा होत नाही, आणि काहीजण साध्यासुध्या केसेस नीट करतातही. पण एवढ्या तपशिलात कोण शिरतं? फारच टोचणी लागली तर 'एमडीएस आहेत' एवढं ऐका आणि निश्चिंत व्हा. ती एमडीएस हिरड्यांमधली आहे की रूट कॅनॉलमधली, हे विचारणं बरं दिसत नाही.

मार्केट यार्डात मात्र सगळं बरं दिसतं. पेटी घेताना आपण विचारतो, "देवगड की कर्नाटक?" त्याने देवगड सांगितलं तरी विश्वास ठेवत नाही. देठाशी वास घेतो, पेंढा उपसून खालच्या थरात हात घालतो, पेटीवरचं नाव वाचतो, आणि एवढं करून "बघतो" म्हणून पुढच्या गाळ्यावर जातो. आंबा आठ दिवसांत संपणार असतो. तोच माणूस क्लिनिकमधल्या निळ्या खुर्चीशेजारी उभा राहिला की हात जोडून म्हणतो, "डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं." 'तारा कोण लावणार? तुम्ही स्वतः, की ऑर्थोचे कोणी येतात? दर वेळी तेच येतात का?' हे तीन प्रश्न जिभेवर येऊन परत जातात. बऱ्याच क्लिनिकमध्ये आठवड्यातून एक दिवस ऑर्थोचे सर येतात आणि ती सोय चांगलीही असते. "सर गुरुवारी येतात" एवढं कळलं की पुरे. सरांना नाव असतं हे विसरा.

सर्वांत सावध राहायचं ते आपल्या नेहमीच्या डेंटिस्टपासून. ज्यांनी आजोबांची कवळी केली, तुमच्या दाढेचं रूट कॅनॉल केलं, ते मुलाच्या तोंडात बघून म्हणतील, "हे माझं काम नाही. ह्याचा खालचा जबडाच मागे आहे. ऑर्थोडॉन्टिस्टची चिठ्ठी देतो." अशा माणसावरचा विश्वास तिथल्या तिथे उडवून टाका. पाच वर्षं शिकून जो 'मला येत नाही' म्हणतो त्याच्याकडे कशाला जायचं? त्यापेक्षा "करून टाकू की, दहावीच्या आत" म्हणणारा शोधा. तारेचा दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं, पाठीमागे नवं हाड भरतं, आणि दात असा तसूतसूने सरकतो. जोर जास्त लावला तर मूळ आखूड होऊ शकतं. पण हाडाला दहावीचं गांभीर्य नाही, त्याला आपण काय करणार.

आमच्या चिरंजीवांचं मी अगदी असंच केलं. आमच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी पाकिटात तशीच राहिली. घरापासून दोन मिनिटांवर एक जागा होती, वर दिवाळीची सवलत. प्लॅस्टरचे साचे घेतले नाहीत, डोक्याचा बाजूने काढतात तो सेफचा एक्स-रे काढला नाही. पहिल्याच दिवशी तारा लागल्या. मला तर वेळ वाचल्याचं कौतुकच वाटलं. चिरंजीव दर महिन्याला रबराच्या बारीक रिंगांचे रंग निवडायचे. गणपतीत भगवा, ऑगस्टात तिरंगा. वर्षभरात पुढचे दात कवायतीला उभे केल्यासारखे एका ओळीत. आत्याही म्हणाली, "आता कसे छान दिसतात." दात माहेरचे होते हे ती विसरली होती.

तारा असताना कडक काही खायचं नाही, म्हणून घरात बाकरवडी बंद होती. तारा निघाल्या त्या संध्याकाळी मी अर्धा किलो घेऊन आलो. त्याने एक उचलली, पुढच्या दातांत धरली आणि चावली. बाकरवडी तशीच. पुन्हा चावली. मग मान तिरकी केली, जबडा थोडा पुढे काढला, आणि शेवटी ती हाताने मोडून दाढेखाली ढकलली. वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना भेटतच नव्हते. मधून जीभ दिसत होती.

मग चिठ्ठी शोधली. ऑर्थोच्या मॅडमनी जुने साचे, जुने एक्स-रे मागितले. आमच्याकडे पावत्या होत्या, त्या दिल्या. त्यांनी आधीच्या कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. नुसतं "हं" म्हणाल्या. पुढची दोन वर्षं, काढाव्या लागलेल्या चार उपदाढा आणि पहिल्याच्या दुप्पट पैसे त्या 'हं'मध्ये होते.

स्वस्तातच करायचं होतं तर दंत महाविद्यालयं होती की, असं आता कोणी म्हणेल. आहेत. धनकवडीला भारती विद्यापीठाचं, आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला. पण तिथे तुम्ही मुळीच जाऊ नका. एमडीएस करणारा विद्यार्थी तपासतो, मग त्याचे सर तपासतात, मग साचे, मग एक्स-रे, मग चर्चा, मग पुढची तारीख. धर्माची गाय म्हणून दात का गं नाय म्हणायचीही सोय नाही, ते लोक दातच मोजत बसतात. एवढा वेळ कोणाला आहे? माझी तर फक्त सव्वातीन वर्षं गेली.

आता रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारी, काढता-घालता येणारी पट्टी. दात सरळ झाले तरी त्यांना जुनी जागा आठवत असते, म्हणून तारा निघाल्यावर तो घालायचा असतो. जेवताना काढायचा आणि डबीत ठेवायचा. डबी न्यायची नाही, ही शेवटची सूचना. चिरंजीवांनी डेक्कनवरच्या एका उडुप्याकडे तो काढला, टिश्यू पेपरात गुंडाळला, ताटलीच्या कडेला ठेवला आणि मसाला डोसा हाणला. पोऱ्याने ताटली उचलली. बिल देताना आम्हाला आठवण झाली.

मालक भला होता. मागच्या बाजूला नेऊन त्याने खरकट्याची बादली दाखवली. "सोन्याचं आहे का?" म्हणाला. मी बाही सारून हात घातला. सांबारातून, चटणीतून, चुरगळलेले टिश्यू एकेक उघडत गेलो.

दोन रिटेनर सापडले. एक आमचा नव्हता.