इंचाला २५.४ ने गुणून जुन्या मोटरसायकलचा टायर ठरत नाही

जुन्या मोटरसायकली सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : मूळ इंची मापाचा टायर मिळत नसेल, तर रुंदीला २५.४ ने गुणावे, जवळचा मिलिमीटरचा आकडा घ्यावा आणि रिमचा व्यास तेवढा जुळवावा; दोन मापांत निवड करता येत नसेल तर रुंद टायर घ्यावा, कारण त्याची पकड जास्त असते; आणि रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेला टायर) मिळाला तर तो केव्हाही उत्तम. सल्ला सोपा असल्यामुळे तो पसरतो, पण त्यातले प्रत्येक विधान कुठे ना कुठे चुकते, आणि दोन चाकांच्या वाहनात अशा चुकीची किंमत चालवणाऱ्यालाच मोजावी लागते.

आधी गुणाकाराविषयी. ३.५० ला २५.४ ने गुणले की ८८.९ येतात, म्हणून ३.५०-१९ (इंचांत रुंदी आणि रिमचा व्यास) च्या जागी ९०/९०-१९ घ्यावा, असा हा हिशेब आहे. यात टायरची उंची विसरली जाते. पूर्वीच्या इंची मापात उंचीचा वेगळा आकडा नसे, कारण उंची साधारण रुंदीइतकीच धरलेली असे. जुन्या सुट्या भागांच्या पुस्तकांत २७ × ४.०० असे माप आढळते. त्यातले २७ इंच हा रिमचा नव्हे, तर टायरचा बाहेरचा व्यास आहे, म्हणजे १९ इंचांची रिम आणि दोन्ही बाजूंना चार-चार इंच. आज आपण त्यालाच ४.००-१९ म्हणतो. मिलिमीटरच्या मापात मात्र दुसरा आकडा उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. त्यामुळे ३.५०-१९ चा बाहेरचा व्यास सुमारे ६६० मिलिमीटर भरतो, तर ९०/९०-१९ चा ६४५ आणि १००/९०-१९ चा ६६३. उत्पादकांच्या तुलना-तक्त्यांत ३.५० समोर १००/९० आणि ३.२५ समोर ९०/९० दिलेले असते, ते यामुळेच.

मागच्या चाकात हा फरक अधिक जाणवतो. ४.००-१८ ला याच गुणाकाराने १००/९०-१८ बसवला, तर व्यास ६६० वरून ६३७ मिलिमीटरवर येतो आणि मागचा आस ११ ते १२ मिलिमीटर खाली बसतो. दोन चाकांतले अंतर १४०० मिलिमीटर असलेल्या गाडीत एवढ्याने पुढच्या फोर्कचा कल जवळजवळ अर्ध्या अंशाने बदलतो, ट्रेल (हँडलचा आस जमिनीला जिथे भिडेल ती जागा आणि पुढचा टायर टेकतो ती जागा यांतले अंतर) सुमारे तीन मिलिमीटरने वाढतो, आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरे साडेतीन टक्क्यांनी वाढतात. ११०/९०-१८ चा व्यास ६५५ असल्यामुळे तो मूळ मापाच्या बराच जवळ राहतो. ३.६० आणि ४.१० ही इंची मापे मुळातच कमी उंचीची आहेत. त्यांना वरचा हिशेब लागू करू नये.

आता रिमविषयी. व्यास जुळला की झाले, हे या सल्ल्यातले मला सर्वांत धोकादायक वाटणारे विधान आहे, कारण टायर रिमवर चढतो, हवा धरतो, आणि त्यामुळे सर्व ठीक आहे असा समज होतो. रिमला व्यासाबरोबर रुंदीही असते, आणि ती दोन्ही कडांच्या आतल्या बाजूंमध्ये मोजायची असते, बाहेरून नव्हे. तारांच्या चाकांवरील डब्ल्यूएम-१ रिम १.६० इंच, डब्ल्यूएम-२ ही १.८५, डब्ल्यूएम-३ ही २.१५ आणि डब्ल्यूएम-४ ही २.५० इंच रुंद असते. ३.५० चा टायर डब्ल्यूएम-२ वर चालतो; पण त्याचाच पर्याय म्हणून तक्त्यात दिलेल्या १००/९० ला साधारणपणे किमान २.१५ इंचांची रिम लागते. म्हणजे तुलना-तक्ता बरोबर असूनही तुमच्या रिमसाठी त्याचे उत्तर चुकीचे ठरू शकते. अशा वेळी ९०/९० घेऊन व्यासातील घट स्वीकारावी, किंवा इंची मापाचाच टायर शोधावा. मी दुसरा मार्ग निवडेन, कारण क्रॉस-प्लाय बांधणीचे (आतल्या धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदणारे) इंची टायर आजही तयार होतात. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या बाजू आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो, वळणावर कडेचा रबर नीट टेकत नाही, आणि गाडी झुकवताना ती आधी अडते व मग एकदम कलंडल्यासारखी वाटते.

रुंद टायरने पकड वाढते, हे विधान रिमची रुंदी, वजन आणि शक्ती वाढलेल्या गाड्यांवरून उचललेले आहे. रस्त्याला टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरचा भार आणि टायरमधला दाब यांवर ठरते. टायर रुंद केल्याने प्रामुख्याने त्या भागाचा आकार बदलतो. शिवाय टायर जितका रुंद, तितके त्याच वेगाला त्याच वळणावर गाडीला अधिक झुकावे लागते, कारण टेकण्याची जागा मधल्या रेषेपासून अधिक दूर सरकते. टायर आणि मडगार्ड, चेन व स्विंगआर्म (मागचे चाक धरणारी वर-खाली हलणारी भुजा) यांच्यातील मोकळ्या जागेचा प्रश्न वेगळाच. ती जागा चाक हाताने फिरवून पाहणे पुरेसे नाही, कारण वेगात टायर फुगतो आणि स्प्रिंग दबल्यावर मडगार्ड खाली येते.

सल्ल्यात भार आणि वेग यांचा उल्लेखच नाही. ५७एच या खुणेचा अर्थ २३० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर. ५१ या भार-निर्देशांकाचा अर्थ १९५ किलो. मागे माणूस बसवून सामान लादणाऱ्याने माप जुळल्यावर हा आकडाही पाहावा.

रेडियलविषयी थोडक्यात. या गाड्यांचे सांगाडे, फोर्क आणि स्प्रिंग क्रॉस-प्लायच्या लवचिकतेला धरून आखलेले आहेत. डब्ल्यूएम रिमला टायरची कड जागेवर रोखणारा उंचवटा नसतो, म्हणून तिच्यात ट्यूब लागते. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय अशी जोडी तर मुळीच लावू नये. मापात आडवी रेघ असेल तर बांधणी क्रॉस-प्लाय, ‘बी’ असेल तर पट्टा असलेली क्रॉस-प्लाय आणि ‘आर’ असेल तर रेडियल. ही खूण टायरच्या बाजूवरच छापलेली असते.